थ्रॉटल कंट्रोलरची डबी: पिकअप वाढतो की नुसता वाटतो?

काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिला दोन प्लग आणि वर एक बटण. ॲक्सिलरेटर पेडलच्या मागचा प्लग काढायचा, मध्ये ही डबी जोडायची आणि संपलं. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर गाडी पहिल्यांदा बाहेर काढणारा माणूस हमखास खूश होतो, कारण पाय नुसता टेकवला तरी गाडी पुढे झेपावते. एका मित्राच्या गाडीत मी हे अनुभवलंय. पहिली पाच मिनिटं मलाही वाटलं की इंजिनात रातोरात आणखी पन्नास घोडे येऊन बांधले गेलेत. मग मोकळा रस्ता लागला, मी पेडल तळापर्यंत दाबलं, आणि गाडी अगदी पूर्वीइतकीच पळाली.

दोन्ही अनुभव खरे होते. ते एकाच गाडीत, एकाच दिवशी खरे कसे ठरतात हे समजलं, की स्पोर्ट्‌स कारचा थ्रॉटल रिस्पॉन्स, म्हणजे पेडल दाबल्यावर गाडीने दिलेलं उत्तर, सुधारण्यासाठी पैसे कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत याचा बराचसा उलगडा होतो.

हुकूम होता, अर्ज झाला

जुन्या गाड्यांत पेडल आणि इंजिन यांच्यामध्ये पोलादी केबल असायची. पेडल दाबलं की केबल ओढली जायची आणि इंजिनाच्या श्वासनळीतली गोल झडप, म्हणजे थ्रॉटल, तेवढी उघडायची. मध्ये कुणी विचारणारं नव्हतं. जुन्या गाड्यांची आठवण काढताना लोक ज्या ‘थेट’पणाबद्दल बोलतात तो हाच. पण तो थेटपणाही वाटतो तितका शुद्ध नव्हता. झडप एकदम उघडली की हवा लगेच आत शिरायची आणि पेट्रोल मागे पडायचं. मग इंजिन क्षणभर अडखळायचं. म्हणून कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा पंप ठेवलेला असे. पेडल झटकन दाबलं की तो पेट्रोलची जादा पिचकारी मारायचा. म्हणजे तेव्हाही पाय आणि इंजिन यांची गाठ घालून द्यायला एक मध्यस्थ लागतच होता, फक्त तो यांत्रिक होता.

१९८७ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू ७५०आयएलच्या बारा सिलिंडरच्या इंजिनात ही केबल नव्हती. १९९७ च्या शेव्हरले कॉर्व्हेटमधूनही ती गेली. आज जवळपास सगळ्याच नव्या गाड्यांत पेडलच्या मुळाशी सेन्सर असतो. पेडल किती दाबलंय ते तो व्होल्टेजच्या रूपात इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कळवतो. ईसीयू विचार करतो आणि थ्रॉटलला जोडलेल्या लहानशा मोटरला सांगतो, एवढी झडप उघड.

पेडल दाबणं हा आता हुकूम राहिलेला नाही, तो अर्ज आहे. अर्ज टेबलावर जातो, त्यावर शेरे पडतात, मग मंजुरी मिळते. आधुनिक ईसीयू ‘पेडल ३० टक्के, म्हणून झडप ३० टक्के’ असा सरळ हिशेब करतच नाही. तो आधी ठरवतो की या पेडलला, या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना), या गिअरमध्ये चालकाला किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हवा असेल. मग तेवढा टॉर्क मिळण्यासाठी झडप किती उघडायची, ठिणगी कधी टाकायची, टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला, किती मोकळीक द्यायची, हे तो ठरवतो. पेडल आणि टॉर्क यांच्या या कोष्टकाला पेडल मॅप म्हणतात. पुढचं सगळं समजण्यासाठी हा शब्द तेवढा लक्षात ठेवा.

कारखान्यातून गाडी मुद्दाम मऊ का येते

‘कंपनीने गाडीचा गळा आवळून ठेवलाय, आम्ही तो मोकळा करतो’ असं डबी विकणारे सांगतात. यात थोडं तथ्य आहे, पण गळा आवळण्यामागे कारणं आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण म्हणजे हिसके. इंजिनापासून चाकापर्यंत गिअर, शाफ्ट, जॉइंट अशी लांबलचक साखळी असते आणि प्रत्येक सांध्यात थोडी मोकळ असते. पाय काढलेला असताना हे सांधे एका बाजूला टेकलेले असतात. पेडल दाबलं की ते दुसऱ्या बाजूला येऊन आदळतात. टॉर्क एकदम आला तर ‘ठक’ असा आवाज येतो आणि शाफ्ट स्प्रिंगसारखे पिळले जाऊन गाडी पुढे-मागे डुलते. हे टाळण्यासाठी ईसीयू पहिला क्षणभर टॉर्क हळूच देतो, सांधे टेकले की मग सोडतो. झडप उघडलेली असतानाही ठिणगी थोडी उशिरा टाकून तो हिसका दाबू शकतो. दुसरं कारण धुराचं. हवा अचानक बदलली की हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण क्षणभर बिघडतं, आणि प्रदूषणाच्या चाचणीत असे क्षण महाग पडतात. शिवाय क्लच आणि गिअरबॉक्सचं आयुष्य, मागे बसलेल्यांची मान, ओला रस्ता. तीच गाडी तरबेज चालक चालवणार आणि काल शिकलेलाही चालवणार, दोघांचा विचार करून मधला सूर लावलेला असतो.

तो सूर सगळ्यांना आवडतोच असं नाही. काही गाड्यांत कंपनीने खरोखरच अति केलेलं असतं आणि पेडलचा पहिला चतुर्थांश भाग झोपेत असल्यासारखा वाटतो. ती तक्रार रास्त आहे.

उशीर नेमका कुठे होतो

‘रिस्पॉन्स’ असा एकच शब्द वापरला तरी पाय हलल्यापासून पाठ सीटला टेकेपर्यंत अनेक वेगवेगळे उशीर एकामागून एक येतात. ते वेगळे करून पाहिले नाहीत तर औषध भलत्याच दुखण्याला लागतं.

पहिला उशीर ईसीयूच्या विचाराचा आणि मुद्दाम घातलेल्या संथपणाचा, तो वर आलाच. झडपेच्या मोटरचा उशीर किरकोळ असतो. ती सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात बंद अवस्थेतून पूर्ण उघडते.

त्यानंतर येते हवा. झडप आणि सिलिंडर यांच्यामध्ये इनटेक मॅनिफोल्ड नावाची पोकळी असते. झडप उघडली तरी आधी ही पोकळी भरायला हवी. २ लिटरचं इंजिन २,००० आरपीएमला सेकंदाला साधारण ३३ लिटर हवा ओढू शकतं. पोकळी ४ लिटरची धरली तर तेवढी हवा बदलायला सेकंदाचा आठवा भाग लागतो. तेच इंजिन ६,००० आरपीएमला सेकंदाला १०० लिटर ओढतं, म्हणून तेच काम पंचविसाव्या भागात होतं. वरच्या आरपीएमला गाडी ‘जिवंत’ वाटते त्याचं एक कारण इतकं साधं आहे.

रेसच्या वंशाच्या काही इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला त्याच्या तोंडाशी स्वतंत्र झडप देतात तेही यासाठीच. झडपेनंतरची पोकळी जवळपास नाहीशी होते. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीतल्या एम३ च्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला अशा सहा झडपा होत्या. निसान स्कायलाइन जीटी-आरच्या प्रसिद्ध आरबी२६ इंजिनालाही सहाच. लेक्सस एलएफएच्या दहा सिलिंडरच्या इंजिनाला दहा झडपा होत्या, आणि ते इंजिन न्यूट्रलमध्ये सेकंदाच्या ०.६ भागात आयडलपासून ९,००० आरपीएमला पोचायचं. काट्याचा मीटर त्या वेगाने फिरू शकत नाही म्हणून कंपनीने डॅशबोर्डवर पडद्यावरचा मीटर दिला. रिस्पॉन्स म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि ते मिळवायला हवेचा मार्ग, फिरणाऱ्या भागांचं वजन असं सगळं इंजिन त्या हेतूने घडवावं लागलं.

गाडी टर्बोची असेल तर पुढे आणखी एक उशीर येतो आणि तो वरच्या सगळ्यांना खाऊन टाकतो. टर्बोचं चाक लाखाच्या पुढच्या आरपीएमला फिरतं, पण ते फिरवायला एक्झॉस्टचा वायू लागतो. वायू यायला इंजिनाने जास्त जाळायला हवं, जास्त जाळायला जास्त हवा हवी, आणि ती हवा तर टर्बोच देणार. हे चक्र सुरू व्हायला लागणारा वेळ म्हणजे टर्बो लॅग. १९७५ च्या पोर्शे ९११ टर्बोत हा लॅग इतका कुप्रसिद्ध होता की वळणात दाबलेल्या पेडलचं उत्तर वळण संपताना मिळायचं, तेही सगळं एकदम. आजचे टर्बो खूपच सुधारलेत. तरीही कमी आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये, पेडल दाबून एक सेकंद वाट पाहावी लागणं आजही सर्रास घडतं.

शेवटी जडत्व. इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे त्याच्या टोकाला फिरणारी जड चकती, क्लच, गिअर, चाकं या सगळ्यांनाच आधी वेग द्यावा लागतो.

डबीचं गणित

ती डबी यातल्या फक्त पहिल्या उशिराच्या दारात उभी असते. पेडलच्या सेन्सरकडून आलेलं व्होल्टेज ती वाढवून पुढे पाठवते. तुम्ही पेडल २० टक्के दाबता, ईसीयूला ती सांगते ४० टक्के. तुम्ही ५० दाबता, ती सांगते ८०. तुम्ही १०० दाबता, तेव्हा तिच्याकडे १०० शिवाय सांगण्यासारखं काही उरत नाही.

नळाची चावी समजा. आधी पूर्ण धार यायला चावी दोन फेरे फिरवावी लागायची, आता एका फेऱ्यात येते. चावीला हात लावताच पाणी भसकन येतं, म्हणून नळ जोरदार झाल्यासारखा वाटतो. टाकीची उंची तीच, पाइप तोच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून पेडल तळाला दाबल्यावर मित्राची गाडी पूर्वीइतकीच पळाली. अर्ध्या पेडलवर ती जोरात वाटली कारण माझ्या अर्ध्या पेडलला ईसीयू जवळजवळ पूर्ण समजत होता.

इथे डबीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. ‘ती काहीच करत नाही’ हे टीकाकारांचं म्हणणंही अर्धवट आहे. समजा ईसीयू पेडलची मागणी मुद्दाम हळूहळू मान्य करतो, म्हणजे उरलेल्या अंतराच्या प्रमाणात पुढे सरकतो, आणि त्याचा कालांक, म्हणजे साधारण दोन-तृतीयांश अंतर कापायला लागणारा वेळ, ०.२ सेकंद आहे. तुम्ही ३० टक्के मागितले तर २५ टक्के मिळायला ०.३६ सेकंद लागतील. ६० टक्के मागितले तर तेच २५ टक्के ०.११ सेकंदात मिळतील, कारण दूरच्या मुक्कामाला निघालेला सुरुवातीची पावलं मोठी टाकतो. त्यामुळे डबी असताना सुरुवातीचा झटका खरोखर लवकर येतो; तो नुसता भास नाही. पण ६० टक्के मागायला डबी लागत नाही, पाय पुरतो. पेडल जरा जास्त आणि जरा लवकर दाबा, तंतोतंत तेच होईल.

ऑटोमॅटिक गाड्यांत आणखी एक परिणाम दिसतो. गिअर कधी खाली टाकायचा हे गिअरबॉक्स पेडलच्या मागणीवरूनही ठरवतो. डबीने मागणी फुगवली की तो लवकर खालच्या गिअरला येतो, आणि खालच्या गिअरमध्ये गाडी खरंच जोरात निघते. ‘फरक पडतो राव’ असं ऑटोमॅटिकवाले छातीठोकपणे सांगतात त्याचं मर्म इथे आहे. मात्र तीच डबी मग गर्दीतही गिअर नको तितका वेळ खालीच धरून ठेवते.

टर्बो लॅगला, मॅनिफोल्डच्या पोकळीला, फ्लायव्हीलच्या जडत्वाला डबी स्पर्शही करत नाही. लॅग असलेल्या गाडीत तर कधी कधी उलटंच होतं: पेडलला लगेच उत्तर मिळत नाही म्हणून आपण आणखी दाबतो, डबी ते आणखी फुगवते, आणि टर्बो जागा होतो तेव्हा मागितल्याहून बरंच जास्त पदरात पडतं.

जे मिळतं त्याची किंमत

पेडलचा एकूण प्रवास काही सेंटिमीटरांचा असतो. तेवढ्या अंतरात शून्यापासून पूर्ण ताकदीपर्यंतची सगळी मापं बसवायची असतात. डबीने पहिल्या अर्ध्यात बहुतेक सगळं कोंबलं की तिथे बारीक मापं उरत नाहीत आणि दुसरा अर्धा भाग जवळपास रिकामा होतो.

वळणातून बाहेर पडताना हे फार जाणवतं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणाऱ्या गाडीत टायरची पकड संपत आली असताना चालकाला ताकद चिमूट-चिमूट वाढवायची असते. पेडल अति उतावीळ असेल तर चिमटीऐवजी मूठ पडते आणि मागची बाजू सटकते. ट्रॅकवर मुरलेले चालक म्हणूनच उतावीळ पेडलपेक्षा सरळ रेषेत वाढणारं पेडल पसंत करतात. पावसात, रेतीवर, पार्किंगच्या चढावर, सगळीकडे हाच हिशेब.

गंमत म्हणजे झडपही आपल्याला या बाबतीत फसवते. गोल झडप एक-तृतीयांश कोनातच उघडली असली तरी कमी आरपीएमला इंजिनाला हवी ती जवळपास सगळी हवा मिळून जाते. २,००० आरपीएमला त्यापुढे झडप उघडली काय न उघडली काय, फारसा फरक पडत नाही. केबलच्या जमान्यात काही कंपन्या केबलची चकती अशा आकाराची करायच्या की सुरुवातीला झडप भराभर उघडावी, म्हणजे गाडी घेऊन बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला ‘वा, काय पिकअप आहे’ वाटावं. डबीची युक्ती नवी नाही.

सुरक्षेचा मुद्दा थोडक्यात. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि दोघांची व्होल्टेज वेगवेगळी असतात. बऱ्याच गाड्यांत एकाचं दुसऱ्याच्या निम्मं. ईसीयू सतत दोन्ही ताडून बघतो. ताळमेळ चुकला की बिघाडाचा कोड नोंदवून ताकद अगदी कमी करतो, त्याला लिम्प मोड म्हणतात. चांगली डबी दोन्ही आकडे प्रमाणात फुगवते. स्वस्तातली, किंवा तिचा ढिला बसलेला प्लग, ओव्हरटेक करताना हा मोड जागा करू शकते. पाय आणि इंजिन यांच्यामधल्या सर्वांत महत्त्वाच्या वायरीत आपण एक जादा सांधा घालतोय, याचं भान ठेवून काय घालायचं ते ठरवावं.

मग रिमॅप?

पेडल मॅप बदलायचाच असेल तर तो जिथे राहतो तिथे बदलणं जास्त प्रामाणिक. ईसीयूचं सॉफ्टवेअर नीट जाणणारा ट्यूनर पेडलचं कोष्टक, टॉर्क किती वेगाने वाढू द्यायचा याच्या मर्यादा, टर्बोचं नियंत्रण, हे सगळं एकत्र बदलू शकतो. टर्बोच्या गाडीत रिमॅपने खरी ताकद वाढते. बिनटर्बोच्या गाडीत ताकद थोडीच वाढते, पण पेडलचा स्वभाव मात्र हवा तसा घडवता येतो. तोटेही खरे आहेत: कंपनीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, विमा कंपनीला कळवावं लागू शकतं, आणि हिसके दाबण्यासाठी घातलेल्या मर्यादा आंधळेपणाने काढल्या तर गिअरबॉक्स आणि क्लच त्याची वसुली करतात.

त्याआधी गाडीतलं स्पोर्ट बटण दाबून पाहिलंत का? विनोद नाही. बहुतेक स्पोर्ट्‌स कारमध्ये ते बटण इतर गोष्टींबरोबर पेडल मॅपच बदलतं. ई४६ एम३ चं स्पोर्ट बटण तर मुख्यतः तेवढंच करायचं. कंपनीने आपल्या चाचण्या करून फुकट दिलेली डबीच ती. त्या मोडमध्ये गाडी पुरेशी तिखट वाटत असेल तर पैसे वाचले.

लोखंडाचे उपाय

मोठी थ्रॉटल बॉडी हा लोकप्रिय उपाय. ७० मिलिमीटरच्या जागी ७५ मिलिमीटरची बसवली की क्षेत्रफळ सुमारे १५ टक्के वाढतं. अर्धवट पेडलवर तेवढ्याच कोनात जास्त हवा जाते, म्हणून गाडी चपळ वाटते. म्हणजे डबीचाच परिणाम, फक्त धातूत ओतलेला आणि महाग. पूर्ण पेडलवर खरा फायदा तेव्हाच, जेव्हा मूळ झडप इंजिनाचा श्वास अडवत असेल. बिनटर्बोच्या इंजिनात हे तपासणं सोपं आहे. पेडल तळाला, आरपीएम वर, आणि मॅनिफोल्डचा दाब बघा. बाहेरच्या हवेचा दाब १०१ किलोपास्कल असताना आत ९९ दिसत असेल, तर फिल्टरपासून झडपेपर्यंत सगळे मिळून दोनच टक्के अडवतायत. मोठी झडप त्यातला किती वाटा परत आणणार? कॅमशाफ्ट, हेड असं बरंच काही बदललेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. त्याची भूक वाढलेली असते.

कोल्ड एअर इनटेकबद्दल एवढंच: त्याचा आवाज भारी असतो. हा टोमणा नाही. कान रिस्पॉन्सबद्दल बरंच काही ठरवतो, आणि इनटेकचा हुंकार पेडलबरोबर लगेच वाढला की मेंदू गाडीला चपळ मानतो.

मला खरा उपाय वाटतो तो फ्लायव्हीलचा, आणि त्यातच सर्वांत जास्त तडजोडही आहे. समजा हलकं फ्लायव्हील बसवून फिरण्याचं जडत्व ०.०४ किलोग्रॅम-मीटर वर्गाने कमी केलं. पहिल्या गिअरमध्ये इंजिन चाकापेक्षा १४ पट वेगाने फिरतंय आणि चाकाची त्रिज्या ०.३१ मीटर आहे असं धरलं, तर हा बदल गाडीचं वजन सुमारे ८० किलोने कमी करण्याइतका ठरतो. म्हणजे शेजारचा प्रवासी उतरवल्यासारखं. पाचव्या गिअरमध्ये इंजिन ३.५ पट फिरत असेल तर तोच फायदा ५ किलोंवर येतो, एखादी पिशवी काढल्याइतका. कारण हा परिणाम गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो. हा आकडा डोळ्यांसमोर असला की ‘हलकं फ्लायव्हील म्हणजे सगळीकडे वेग’ हा गैरसमज आपोआप गळतो. त्याचं खरं सुख गिअर खाली टाकताना पेडलला टिचकी मारून आरपीएम जुळवण्यात आहे. इंजिन मनासारखं उसळतं आणि पडतं. पोर्शेने २०१६ च्या ९११ आर साठी असं हलकं, एकसंध फ्लायव्हील पर्याय म्हणून ठेवलं होतं.

एकसंध हा शब्द इथे महत्त्वाचा. आजच्या अनेक गाड्यांत दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं फ्लायव्हील असतं आणि ते इंजिनाचे धक्के गिळतं. ते काढलं की न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडू लागतो, आणि गर्दीत क्लच सोडताना गाडी बंद पडायची भीती वाढते. रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीत हे कुणी हौसेने करून घेतलं तर सहा महिन्यांनी त्याचा चेहरा बघावा. शिवाय गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच बदलायची वेळ आली की तेव्हाच याचा विचार करणं शहाणपणाचं.

टर्बोच्या गाडीत लॅग कमी करायचा असेल तर मोठं काही बसवण्याच्या मोहापासून आधी दूर राहा. मोठा टर्बो वर जास्त ताकद देतो पण उशिरा जागा होतो. भलामोठा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) म्हणजे भरायला आणखी एक पोकळी. लॅग मुळातून घालवायला कंपन्यांनाही टर्बोच्या दांड्यावर विजेची मोटर बसवावी लागली: मर्सिडीज-एएमजीने २०२२ च्या एसएल ४३ मध्ये, पोर्शेने २०२४ च्या ९११ कॅरेरा जीटीएसमध्ये. बाजारातून आणून आपल्या गाडीत सहज बसवावं अशातली ती गोष्ट नाही.

पाकीट उघडण्यापूर्वी

गाडी काही वर्षांची असेल तर आधी झडप उघडून बघा. तिच्या कडेला काजळी आणि तेलाचा थर बसला की पहिला मिलिमीटर नीट उघडत नाही. ती साफ करून ईसीयूला पुन्हा ओळख करून दिली की पेडलचा आळस पुष्कळदा तिथेच जातो. इंजिन ज्यांवर टेकतं ते माउंट झिजून ढिले झाले असतील तर पेडल दाबल्यावर आधी इंजिन जागच्या जागी वळतं, मग गाडी निघते. तो उशीर कुठल्याही मॅपने जात नाही. टर्बोच्या पाइपला बारीक चीर, जुने स्पार्क प्लग, तुंबलेला फिल्टर, हे सगळे त्याच जातीचे.

आणि गिअर. तिसऱ्यातून दुसऱ्यात आलात तर चाकावरचा टॉर्क वाढतो, इंजिन भराभर श्वास घेतं, टर्बो आधीच जागा असतो. वर मोजलेल्या उशिरांपैकी तीन-चार एका हाताच्या हालचालीत कमी होतात.

तरीही डबी कुणी घ्यावी? पूर्णपणे मूळ स्थितीत परत आणता येईल असा बदल हवा असलेल्याने, ज्याच्या गाडीत स्पोर्ट मोड नाही, पेडलचा पहिला भाग खरोखर मेलेला आहे आणि रिमॅपची भानगड वॉरंटीमुळे नको आहे. ती सर्वांत खालच्या, फार तर मधल्या सेटिंगवर ठेवावी. सर्वांत वरचं सेटिंग म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मित्राला दाखवायला ठीक. ट्रॅकसाठी गाडी तयार करणाऱ्याने तेच पैसे टायर, ब्रेक पॅड किंवा चांगल्या प्रशिक्षकाच्या एका दिवसावर घालावेत.

घेतलीच तर एक खेळ करून बघा. शेजारच्या सीटवर कुणाला तरी बसवा आणि गाडी उभी असताना डबीचं सेटिंग त्याला गुपचूप बदलू द्या, कधी बंद, कधी सर्वांत वर. मोकळ्या, सुरक्षित जागी तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० आरपीएमपासून पेडल एकदम तळाला दाबा आणि ओळखा, आत्ता डबी चालू होती की बंद. दहा वेळा करा, उत्तरं त्याला लिहून ठेवायला सांगा. मित्राच्या गाडीत मी दहापैकी पाच बरोबर ओळखली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.